बिनसुईचं इन्शुलिन आणि आबांच्या पायाला लागलेलं कालव

मावशी म्हणून लिहिलंस ना, मग मीही तुला सरळ तूच म्हणते.

बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी पत्र थोडक्यात सांगते. दापोलीजवळच्या हर्णै बंदरातली एक सून लिहितेय. सासरे, म्हणजे आबा, ६१ वर्षांचे, सगळं आयुष्य तांडेल म्हणून, म्हणजे मासेमारी बोटीचे मुख्य म्हणून, बोटीवर गेलं, साखर १२ वर्षांपासून, दोन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवलाय त्यामुळे रक्त पातळ करायची गोळी चालू. आता एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, १०.८ आलं आणि डॉक्टर म्हणाले गोळ्यांनी भागणार नाही, इन्शुलिन सुरू करा. आबा ऐकत नाहीत. मग मुंबईच्या भाच्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर एक व्हिडिओ पाठवला, एक बाई पेनासारखं यंत्र पोटाला लावते, टक्क आवाज होतो, बाई हसते, सुई कुठेच नाही. आबा म्हणाले हे आणा, मग घेतो. किंमत पंचवीस हजारांच्या वर, घरात पैशांची जुळवाजुळव चालू आहे, सासूबाईंनाही साखर आहे तर दोघांना एकच चालेल असा हिशोब झालाय, आणि तुझा प्रश्न एवढाच की घ्यावं का.

आणि मग पत्राच्या अगदी शेवटी, नमस्काराच्या आधी, तू लिहिलंयस की तसा आबांना बाकी काही त्रास नाही, फक्त तीन आठवड्यांपूर्वी खडपावर, म्हणजे किनाऱ्याच्या खडकांवर, पायाच्या अंगठ्याखाली कालव, तो खडकाला चिकटलेला धारदार शिंपला, लागलं ते अजून ओलंच आहे, पण दुखत वगैरे नाही.

ते वाक्य मी तीनदा वाचलं. त्यामुळे आधी यंत्राचं नाही, आधी पायाचं.

दुखत नाही हीच काळजीची गोष्ट आहे गं. कालवाची धार कशी असते हे हर्णैला कोणाला सांगायला नको, ब्लेडसारखं कापतं, आणि अंगठ्याखाली तीन आठवडे ओली जखम असलेला माणूस लंगडायला पाहिजे. तो लंगडत नाही म्हणजे पायाच्या शिरांना साखरेनं बधिरपणा आणलाय आणि जखम किती खोल गेली हे त्यांना कळतच नाहीये. त्यात साखर एवढी वर असताना जखम भरत नाही, जंतूंना मात्र सगळं अनुकूल. तू लिहिलंयस की आबा रोज संध्याकाळी बंदरावर जाऊन पाय खाऱ्या पाण्यात धरतात, खाऱ्या पाण्यानं जखम सुकते म्हणून. हे आपल्याकडे सगळेच म्हणतात, माझे वडीलही म्हणायचे. पण कोमट खाऱ्या पाण्यात राहणारे काही जंतू असे आहेत की साखरवाल्या माणसाच्या उघड्या जखमेतून शिरले तर फार झपाट्यानं पसरतात. आजपासून बंद. पाय कोरडा ठेव, स्वच्छ पट्टी बांध, घरातसुद्धा चप्पल घालायला लाव, आणि हे वाचशील त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, दापोलीला डॉक्टरांना पाय दाखव. पाय लाल झाला, सुजला, वास यायला लागला, ताप आला किंवा बोट काळं पडायला लागलं तर दुसऱ्या दिवसाचीही वाट बघू नकोस, रात्री रिक्षा करून जा. कुरिअरनं यंत्र यायला दहा दिवस लागतील, मग ते शिकायला आणखी आठ, आणि तेवढे दिवस या पायाकडे नाहीत.

आता यंत्राचं बोलू. ते खोटं नाहीये, भाच्यानं काही फसवाफसवी केलेली नाही. आत जोरदार स्प्रिंग असते किंवा दाबलेला गॅस असतो, बटण दाबलं की औषध ०.१ ते ०.२ मिलिमीटरच्या भोकातून सेकंदाला १०० मीटरच्या वर वेगानं सुटतं, आणि ती बारीक धारच कातडी भेदून खाली पसरते. सर्व्हिसिंग सेंटरला गाडी धुताना प्रेशरची धार चिखलात कशी घुसते, तसं समज. आणि ही कल्पना नवीनही नाही, गेल्या शतकात अमेरिकेच्या लष्करात सैनिकांना रांगेत उभं करून अशाच बंदुकांनी लशी देत. आपल्याकडे २०२१च्या ऑगस्टमध्ये झायडसच्या झायकोव्ह-डी या कोरोनाच्या लशीला परवानगी मिळाली ना, ती सुईनं द्यायचीच नव्हती, फार्माजेटच्या ट्रॉपिस नावाच्या यंत्रानं कातडीत द्यायची, २८-२८ दिवसांनी तीन डोस. आयआयटी मुंबईच्या एअरोस्पेस विभागातल्या लोकांनी तर शॉक सिरिंज म्हणून एक प्रकार तयार केलाय, त्यात शॉक वेव्हच्या जोरावर औषध आत जातं, त्यांनी साखर असलेल्या उंदरांना त्यातून इन्शुलिन देऊन बघितलं आणि उंदरांची साखर चांगली आटोक्यात राहिली, २०२४ मध्ये ते छापून आलंय. लशी बनवणाऱ्या पुण्याच्या सीरमनंही त्याच वर्षी एका नीडल-फ्री कंपनीत २० टक्के हिस्सा घेतला. म्हणजे मोठमोठी माणसं यात आहेत, आणि मला स्वतःला या गोष्टीचं मनापासून कौतुक आहे, कारण ३१ वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणून मी सुया टोचल्या आहेत आणि पोरांचे हात धरून ठेवताना त्यांच्या आयांचे चेहरे बघितलेत.

पण लस आणि इन्शुलिन यात फरक आहे, आणि तो व्हिडिओत दिसत नाही. लस एकदा किंवा दोन-तीनदा, डोस ठरलेला, देणारा शिकलेला. इन्शुलिन रोज, कधी दिवसातून दोनदा-चारदा, स्वतःच्या हातानं, आणि मोजून. आज १४ युनिट, उद्या १६. यंत्र जरा तिरकं धरलं, पोटावर नीट दाबलं गेलं नाही, तर थोडं औषध वरच राहतं. लशीत थोडं इकडे तिकडे झालं तर सिस्टर बघते आणि काय करायचं ते ठरवते. इन्शुलिनमध्ये किती बाहेर राहिलं हे घरी कोण मोजणार?

हे मी डोळ्यांनी बघितलंय. गुहागरकडे ओळखीच्या एका घरात मुलाला लहानपणापासून साखर, त्याच्या काकानं आखातातून असं स्प्रिंगचं यंत्र आणलं, घरात केवढा आनंद. दोन महिन्यांनी आई माझ्याकडे आली, म्हणाली सिस्टर, डोस तोच आहे, खाणं तेच आहे, साखर कधी ३५० कधी ९०. मी म्हटलं माझ्यासमोर घेऊ दे. त्यानं घेतलं, टक्क झालं, पोटावर एक टिकलीएवढा ओला डाग. मी बोटानं पुसून नाकाशी धरलं तर इन्शुलिनचा तो फिनेलसारखा वास, ओळखीचा. डोसातला काही भाग रोज पोटावरच सुकत होता, कधी जास्त कधी कमी. शेजारी तीन-चार निळे डाग, जुने पिवळे पडलेले. पोरगं तरी सुईलाच नको म्हणत होतं, आणि मी त्याला रागावले नाही, फक्त आईला म्हटलं की धरायचं कसं हे पुन्हा नीट शिकून येईपर्यंत सुईवर परत जा.

आबांच्या बाबतीत तर आणखी दोन-तीन गाठी आहेत. एक, रक्त पातळ करायची गोळी. या यंत्राच्या धारेनं निळं-काळं होतंच अनेकांना, गोळी चालू असेल तर जास्त. दुसरी गाठ जरा नीट वाच. आपल्याकडे इन्शुलिनची जी काचेची बाटली मिळते ती बहुतेक यू-४० असते, म्हणजे एका मिलीत ४० युनिट, आणि इन्शुलिनच्या पेनातलं असतं ते यू-१००. बाहेरून आलेली ही यंत्रं बहुतेक यू-१००च्या मापाची असतात. त्यात यू-४० भरून आकडा २० वर आणला तर आत जाणार ८ युनिट, आणि घरचे म्हणणार इन्शुलिन लागूच पडत नाही. सिरिंजचंही हेच, लाल टोपीची यू-४०ला, नारिंगी टोपीची यू-१००ला, ही अदलाबदल मी इतक्या घरांत बघितलीय की डब्यावर मी मार्करनं लिहून द्यायचे. तिसरं म्हणजे धारेनं दिलेलं झटपट काम करणारं इन्शुलिन सुईपेक्षा लवकर रक्तात उतरतं, कारण ते एका जागी साचत नाही, फवाऱ्यासारखं पसरतं. ऐकायला छान वाटतं, पण घेतलं आणि जेवण अर्धा तास लांबलं तर साखर धाडकन खाली. घरी तू आहेस. बोटीवर जाळं ओढताना हात थरथरायला लागले तर खलाशांना वाटेल तांडेलांना भोवळ आली.

आणि सासूबाईंना तेच यंत्र, हा विचार आत्ताच सोडून द्या. त्या लष्करी बंदुका एकाच तोंडानं शंभर जणांना द्यायच्या, आणि १९८५ साली कॅलिफोर्नियातल्या वजन कमी करायच्या एका क्लिनिकमध्ये तशाच बंदुकीतून लोकांना हिपॅटायटिस बी झाला. सुई नसली तरी धार कातडी फोडते, रक्ताचा बारीक कण यंत्राच्या तोंडाला लागतो. म्हणून पुढे माणसागणिक बदलायचं तोंड आलं. इन्शुलिनच्या पेनालाही हेच लागू, सुई बदलली तरी पेन दोघांत एक नाही.

हे सगळं वाचून तुला वाटेल मावशीनं नाहीच म्हटलं. मी आत्ता नको म्हणतेय. सुई बघून जे लोक खरोखर चक्कर येऊन पडतात, किंवा ज्यांच्या पोटावर वर्षानुवर्षं टोचून जागाच उरली नाही, त्यांच्यासाठी हे यंत्र उपयोगी पडू शकतं. पुढे आबांसाठी घ्यायचंच ठरलं तर विकणाऱ्याला विचारा की सीडीएससीओचा, म्हणजे केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेचा, इम्पोर्ट लायसन्स नंबर काय, कोणत्या इन्शुलिनसाठी आहे, तोंडाचे नॉझल महिन्याला किती लागतात आणि ते इथे कोण देणार, बिघडलं तर कुठे पाठवायचं. उत्तरं लेखी घ्या. यंत्राचे पैसे एकदाच जातात, नॉझलचे दर महिन्याला, आणि ऑगस्टात समुद्रावर गेल्यावर नॉझल संपले तर काय करणार हे आधी ठरवा.

भाचा उद्या पॅचचा व्हिडिओ पाठवेल, म्हणून तेही सांगून टाकते. निकोटीनचे, दुखण्याच्या औषधाचे पॅच खरे आहेत, पण कातडीच्या वरच्या थरातून फक्त छोटे कण शिरतात, साधारण ५०० डाल्टनपर्यंतचे (डाल्टन हे अशा कणांच्या वजनाचं माप), आणि इन्शुलिनचा कण ५८०० च्या आसपास. आबा आयुष्यभर कंबरभर पाण्यात उभे राहिले पण पाणी काही अंगात शिरलं नाही, बोटं तेवढी सुरकुतली, तोच तो थर. म्हणून साधी चिकटपट्टी लावून इन्शुलिन मिळतं असं कोणी विकत असेल तर घेऊ नका. बारीक काटे असलेल्या पॅचची गोष्ट निराळी, गॅम्बियात लहान मुलांना गोवर-रुबेलाची लस तशा पॅचनं देऊन बघितलीय, पण ती लस आहे. तोंडानं ओढायचं इन्शुलिनही आहे, सिप्लाला त्याची परवानगी डिसेंबर २०२४ मध्ये मिळाली, पण बिडी ओढणाऱ्याला आणि दमेकऱ्याला ते चालत नाही, शिवाय ते जेवणापुरतं असतं, रात्रभराचं इन्शुलिन लागत असेल तर ते टोचावंच लागतं. आबांची बिडी चालू आहे का ते तू लिहिलं नाहीस.

आता मला खरं वाटतं ते. तू लिहिलंयस की आबांच्या आईला इन्शुलिन होतं आणि आबा लहान असताना तेच पाण्यात सुई उकळून द्यायचे, आणि शेवटी आजीचा पाय कापला. बाई, उत्तर तिथेच आहे. जो माणूस हातात घुसलेला गळ पकडीनं उपटून काढतो तो दुखण्याला घाबरत नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर ती काचेची सिरिंज आहे, स्टीलच्या डबीत उकळलेली, पुन्हा पुन्हा वापरून बोथट झालेली जाड सुई, आईच्या मांडीवर जोर लावून घुसवताना आपलाच हात थरथरलेला. आणि इन्शुलिन लागलं की पाय जातो हे समीकरण. आजीचा पाय साखरेनं गेला, इन्शुलिननं नाही, पण दहा-बारा वर्षांच्या पोरानं जे दोन्ही एकत्र बघितलं ते साठाव्या वर्षीही एकत्रच राहतं. मी नोकरीला लागले तेव्हा वॉर्डात त्या सिरिंज होत्या, मला तो आवाज आठवतो, डबीत काच खळखळायची. आबा ज्या सुईला घाबरतात ती सुई आता कुठेच नाही गं.

त्यामुळे असं कर. केमिस्टकडून पेनाची ४ मिलिमीटरची, ३२ गेजची सुई आण, एक-दोन सुट्या मिळाल्या तरी बघ. घरात तंगूस, म्हणजे जाळ्याचा नायलॉनचा दोरा, असेलच, बारीकातला बारीक घे. पडवीत आबा जाळं शिवायला बसले असतील तेव्हा शेजारी बस आणि सुई आणि तंगूस त्यांच्याच तळहातावर शेजारी शेजारी ठेव. ही सुई ०.२३ मिलिमीटर जाड आहे. तंगूस किती नंबरचं हे ते बोटांनी सांगतात, सुईचंही सांगतील. लांबी तांदळाच्या दाण्यापेक्षा कमी. काही बोलू नकोस, बघू दे. मग एक नवी सुई त्यांच्यासमोर स्वतःच्या पोटाला टोचून घे, इन्शुलिनशिवाय, नुसती सुई. मी कित्येक घरांत असं केलंय, आधी मी, मग सून किंवा मुलगा, मग पेशंट. पहिली कोरडी सुई डॉक्टरांच्या समोर घेऊ दे म्हणजे त्यांचाही धीर राहील. बहुतेक लोक एकच वाक्य बोलतात, एवढंच?

दुखतं ते बहुतेक वेळा आपल्याच सवयींनी. फ्रिजमधून काढलं आणि लगेच टोचलं तर गार इन्शुलिन झोंबतं, थोडा वेळ बाहेर ठेव. स्पिरिट लावलं तर सुकू दे. तीच सुई आठवडाभर वापरली की टोक वाकतं, पैसे वाचतात पण आबा पुन्हा त्या जुन्या सुईकडे जातील, म्हणून नवी वापर. पेनाचं बटण दाबून दहापर्यंत मोजून मग काढायची. रोज त्याच जागी टोचलं तर गाठी होतात आणि गाठीत दुखत नाही म्हणून माणूस पुन्हा तिथेच टोचतो, आणि गाठीतून इन्शुलिन नीट रक्तात जात नाही. वापरलेली सुई फिनेलच्या जाड बाटलीत टाकायची, भरली की दवाखान्यात द्यायची. किनाऱ्यावर पोरं अनवाणी फिरतात, कचऱ्यात नको.

एक गोष्ट बरी आहे की आत्ता पावसाळ्यातली मासेमारीची बंदी आहे, ३१ जुलैपर्यंत आबा घरीच. डोस बसवायला याच्यापेक्षा चांगले दिवस मिळणार नाहीत, सकाळ-संध्याकाळ साखर तपासा, वहीत लिहा, डॉक्टरांना फोन करून कमी-जास्त करा.

बोटी सुटल्यावर मात्र एकच भीती मला आहे. बोटीवर गारव्याची जागा म्हणजे बर्फाचा कप्पा आणि आबा पेन नेमकं तिथेच ठेवतील, सुरमईच्या शेजारी, चांगलं गार म्हणून. इन्शुलिन गोठलं की गेलं, वितळल्यावर दिसायला तसंच दिसेल पण भरवसा नाही. न उघडलेलं घरी फ्रिजमध्ये २ ते ८ डिग्रीला, दारात ठेव, फ्रीजरच्या जवळ नाही. चालू पेन ३० डिग्रीच्या खाली साधारण चार आठवडे फ्रिजबाहेर राहतं, तेव्हा बोटीवर कपड्यात गुंडाळून झाकणाच्या डब्यात, केबिनमध्ये सावलीला. उन्हातही नको आणि बर्फावरही नको. लाईट गेली तर मडक्याचं सगळे सांगतात, दोन मडकी, मध्ये ओली वाळू. उन्हाळ्यात वारा असेल तर ते छान चालतं, पण आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत पाणी उडतच नाही तर गारवा कुठून येणार. २०२०च्या ३ जूनला निसर्ग वादळ आलं आणि नंतर कित्येक दिवस लाईट नव्हती तेव्हा आमच्याकडे लोकांनी मडक्यांत ठेवलेलं, पत्र्याखालच्या कपाटापेक्षा नक्कीच बरं, पण फ्रिज नाही ते. अशा वेळी पेन असेल तर उघडलेलं एकच वापरा आणि बाकीचं ज्याच्याकडे जनरेटर आहे त्याच्याकडे, दवाखान्यात किंवा केमिस्टकडे नेऊन ठेवा.

आबांच्या खिशात साखरेची पुडी, तीन चमच्यांची, प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून. आणि बोटीवरच्या एका तरी खलाशाला सांगून ठेव की तांडेल घामाघूम झाले, हात थरथरायला लागले, भलतंच बोलायला लागले तर आधी साखर तोंडात द्यायची, शुद्धीवर असतील तरच, मग बाकीचं.

पायाचं काय म्हणाले डॉक्टर ते मला कळव, आणि पत्राच्या पहिल्या ओळीत लिही.